पाखरांना प्राणी म्हणा : वनमंत्री आणि कृषिमंत्र्यांना मंगळवेढ्याहून खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री आणि मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ज्वारीचं पाखरांनी केलेलं नुकसान कुठल्याच नियमात बसत नसल्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. दोन वेगळी लिहिली असती तर ती 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' एकमेकांच्या खात्याकडे रवाना झाली असती. हा अनुभव मी घेतलेला आहे, पुढे सांगतोच.

मी मंगळवेढा तालुक्यातला ज्वारीवाला. आमची मालदांडी जातीची ज्वारी आपल्याला माहीत असणार. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटोही आले होते. काळी जमीन, हस्ताच्या पावसावर पेरा, पुढे पाणी नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक येतं. खत कमी, फवारणी जवळपास नाही. या पिकाला एकच गोष्ट भरपूर लागते, ती म्हणजे राखण.

डिसेंबरात कणीस निसवतं, पौषात दाणा चिकात येतो. त्याच सुमाराला भोरड्या उतरतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, साळुंकीच्या घरातली ही पाखरं मध्य आशियाकडून येतात आणि चैत्राच्या आसपास परत जातात. एकटी भोरडी कधी दिसत नाही. आधी आवाज येतो, वाळूचा ट्रॅक्टर रिकामा व्हावा तसा, मग आभाळात एक काळा पट्टा वळतो आणि शेतावर पडतो. पाच मिनिटं बसला तरी पुरे. दाणा चिकात असला तर पाखरू तो सोलत नाही, चोचीत दाबून चीक पितं. साल कणसालाच राहते. लांबून कणीस भरलेलं दिसतं, हातात घेतलं की नुसतं गोंडर. भोरड्यांच्या मागोमाग चिमण्या, सुगरणी, होले आणि राघू. राघूचं तर खाण्यापेक्षा सांडणं जास्त. कणीस देठाशी तोडायचं, चार दाणे टिपायचे आणि बाकीचं खाली टाकून दुसऱ्या ताटावर जायचं.

पाखरं खातात याची तक्रार नाही. पाखराच्या वाट्याचं पाखरू खाणार हे धरूनच आमच्याकडे पेरतात. माझे वडील पेरताना पहिली मूठ 'पाखरांची' म्हणून टाकत. फरक एवढाच पडला, की पूर्वी गावाचं गाव ज्वारी पेरायचं आणि पाखरांचा वाटा सगळ्या शिवारावर पसरायचा. आता आजूबाजूला ऊस आला, डाळिंब आलं, द्राक्ष आलं. शंभर जणांच्या पानात जेवणारी पंगत माझ्या एकट्याच्या अडीच एकरावर बसते, आणि रात्री मुक्कामाला शेजाऱ्याच्या उसात जाते. म्हणून आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, ज्वारी एकट्यानं पेरू नये आणि मागासही पेरू नये. आता गावात चारच ज्वारीवाले उरल्यावर एकट्यानं न पेरून करायचं काय?

माझ्या घरची हकिगत सांगतो. एका वर्षी ऐन हुरड्यात वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. राखणीच्या माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, चार दिवस कुणी नव्हतं. मुलं शाळेत, आणि ती शाळेतच असावीत. आमच्या पिढीनं हजेरीपटावर 'राखण' म्हणून गैरहजेरी लावून घेतली, ते पुरे झालं. मजूर बघितला तर सकाळी उजाडल्यापासून अकरापर्यंत आणि दुपारी साडेतीनपासून दिवस मावळेपर्यंत असं तुटक काम कुणी घेत नाही. ज्या रानात बारा-चौदा पोती होत, तिथे त्या वर्षी सात झाली. कडबा मात्र पुरा. बैलांना काही फरक पडला नाही.

मी अर्ज घेऊन आधी वन विभागाच्या एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे कुणी वाचला नाही. ते म्हणाले, "रानडुक्कर आलं असतं तर पंचनामा केला असता हो. पाखरांचं आमच्याकडं काही नाही. भरपाई वन्यप्राण्यांची असते. पाखरू म्हणजे प्राणी नव्हे." मग कृषी खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथे उत्तर आलं, "पाखरू वन्य आहे ना? मग वन विभाग." विमा कंपनीच्या फोनवर गारपीट, पूर, ढगफुटी यांना आकडे होते. पाखराला आकडा नव्हता.

घरी येऊन मी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वाचला. मुलीनं मोबाइलवर काढून दिला. त्याच्या दुसऱ्या कलमात, अगदी सुरुवातीलाच, 'प्राणी' म्हणजे काय ते सांगितलं आहे. उभयचर, पक्षी, सस्तन प्राणी आणि सरपटणारे प्राणी, आणि त्यांची पिल्लं. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्यांच्या बाबतीत अंडीसुद्धा. म्हणजे कायद्याच्या लेखी सुगरणीचं अंडंसुद्धा प्राणी आहे. साहेबांच्या टेबलावर मात्र अख्खी भोरड्यांची फौज प्राणी नव्हती.

आणखी वाचलं. त्याच कलमात शिकारीची व्याख्या आहे. मारणं, पकडणं, सापळा लावणं हे आलंच. जखमी करणं आलं. पाखरांच्या बाबतीत अंडी फोडणं किंवा घरट्याला धक्का लावणंही आलं. त्या यादीत हाकणं (इंग्रजीत 'driving') हाही शब्द आहे; पिकावरून नुसतं हाकलणं त्यात धरतात की नाही, ते मला कळलं नाही. आणि गोफणीचा धोंडा चुकून राघूच्या पंखाला लागला तर? पिढ्यान्‌पिढ्या जे हत्यार आमच्या माळ्याच्या खांबाला लटकतं आहे, ते वापरताना मी शेतकरी असतो की शिकारी, हे मला मराठीत एका ओळीत कुणी लिहून दिलेलं नाही.

मग ३९ वं कलम. उपद्रवी ठरवलेला नसेल असा वन्य प्राणी मेलेला सापडला, तर तो राज्य शासनाची मालमत्ता. वाचून मला हसू आलं, महोदय. माझ्या बांधावर राघू मरून पडला तर तो शासनाचा. जिवंतपणी माझ्या ताटातून दोन महिने जेवला तेव्हा तो कुणाचा होता?

२०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. त्याआधी पाचवी अनुसूची म्हणून उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती. उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं यांच्या पंक्तीला पाखरांपैकी एकटा कावळा बसवलेला होता. (पितृपक्षात पान वाढून ज्याची वाट बघायची, तोच कायद्यात उपद्रवी. आपलं असंच असतं.) दुरुस्तीनं ती अनुसूचीच गेली. आता राघूसकट पाखरांची भली मोठी यादी अनुसूची दोनमध्ये आहे. मोर आधीपासून अनुसूची एकमध्ये, वाघाच्या रांगेत. अनुसूची एकमधल्या प्राण्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. इतरांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला या संरक्षणाचं वाईट वाटत नाही. संरक्षण वाढवताना पाखरं ज्याच्या रानात जेवतात त्याची आठवण कुणाला झाली नाही, याचं वाटतं.

कायद्यात वाट अजिबात नाही असं नाही. कलम ११ म्हणतं, अनुसूची दोनमधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, आणि यात उभं पीक स्पष्ट शब्दांत आहे, धोकादायक झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. कलम ६२ म्हणतं, केंद्र सरकार अशा प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळापुरतं उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहारात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, सिमल्यात माकड असं जाहीर झालंही होतं. २०१६ मध्येच गोव्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी मोराचं नाव उपद्रवींच्या यादीत घ्यायचा विचार बोलून दाखवला आणि देशभर गहजब झाला. राष्ट्रीय पक्षी तो; गहजब व्हायचाच. पण ज्या माणसाच्या भुईमुगाच्या ओळी मोरानं उकरल्या, त्याच्याविषयी त्या सगळ्या गोंधळात कुणी चार शब्द बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आमच्या भागातही काही जण म्हणतात, भोरड्या उपद्रवी जाहीर करा, बंदुकीचे परवाने द्या. मी त्यांच्यात नाही, आणि हे पत्र त्यासाठी वापरलं जाऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो.

एक तर बंदुकीनं दहा मेल्या तर हजार उडून शेजारच्या रानात बसतात; म्हणजे माझी पीडा मी भावकीच्या गळ्यात घातली, एवढंच. दुसरं असं की ही पाखरं नुसती दाणे खात नाहीत. नाकतोडे, अळ्या हे त्यांचं आवडीचं खाणं. कृषिमंत्री महोदय, आपलंच खातं दर रब्बीत सांगतं, की हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे उभे करा, पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळा म्हणजे पाखरं येऊन बसतील. मी लावतो, आणि फायदा होतो. बांधाच्या अलीकडे हरभरा, पलीकडे ज्वारी. अलीकडे पाखरू पाहुणा, पलीकडे दरोडेखोर. पाखराला बांध कळत नाही. नियम करणाऱ्यानं तो लक्षात घ्यावा, एवढं तरी होईल?

इंग्लंडात या बाबतीत काय चालतं ते एका नातेवाइकाकडून कळलं, मग मी शोधून वाचलं. तिथे १९८१ च्या कायद्यानं सगळी रानपाखरं संरक्षित आहेत. पण पिकाचं गंभीर नुकसान टाळायला सरकार एक सर्वसाधारण परवाना काढतं. त्यात पाखरांची नावं लिहिलेली असतात, कशासाठी आणि कोणत्या पद्धतीनं ते लिहिलेलं असतं, आणि आधी हाकलण्याचे उपाय करून बघावेत अशी अट असते. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेनं न्यायालयीन आव्हान दिलं आणि 'नॅचरल इंग्लंड' या सरकारी यंत्रणेला असे तीन परवाने मागे घ्यावे लागले. शेतकरी खवळले. मग नवे परवाने, नव्या अटी. ती पद्धत इकडे आणा असं मी म्हणत नाही. तिथल्या रानकबुतरासारखं आमच्या राघूला कुणी टिपावं असं मला वाटत नाही. मला हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिथे पक्षीमित्र आणि शेतकरी भांडले ते एका लिहिलेल्या कागदावरून. कोणतं पाखरू, कोणतं पीक, काय चालेल, काय नाही. आमच्याकडे भांडायला तो कागदच नाही.

कागद नसला की काय होतं ते शिवारात येऊन बघा. जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधतात. वाऱ्यानं ती घूं घूं करते, चार दिवस पाखरं बिचकतात, पाचव्या दिवशी तिच्यावरच झोके घेतात. लाल-रुपेरी चमकी पट्टी थोडी जास्त टिकते. काही जण पीव्हीसी पाइपची कार्बाइडची बंदूक वाजवतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच नळकांड्यांनी पोरांचे डोळे गेले. बागाईतदार तंगुसाची, म्हणजे बारीक नायलॉनच्या दोऱ्याची, जाळी टाकतात. गेल्या वर्षी शेजारच्या डाळिंबात तशा जाळीत पिंगळा अडकलेला मी सोडवला. पंखाखाली दोरा मांसात रुतला होता, डोळे मिटून गप्प बसला होता. रात्री उंदीर मारणारं पाखरू ते. फळं वाचवायला लावलेल्या जाळीनं उंदरांचा राखणदार धरला. जाळी कोणत्या आसाची (केवढ्या भोकाची), कोणत्या धाग्याची, किती ताणायची, कधी काढायची, हे सांगणारा नियम असता तर तो पिंगळा आज उडत असता. आमच्या जिल्ह्याला वन्यजीवांचे नियम नवे नाहीत. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि नगर मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आलं. पुढे ते बाराशेच्या घरात आणेपर्यंत कितीक जणांचे जमिनीचे व्यवहार अडकले. म्हणजे पाखरासाठी शेतकऱ्यावर नियम घालायचे कसे, ते शासनाला येतं. आता उलट बाजूनंही लिहून बघा.

मुद्द्यावर येतो. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीच्या शासन निर्णयांत रानडुक्कर, रोही, हरीण, गवा, माकड, हत्ती अशी नावं येतात. त्यांत पाखरांची नावं घाला. सगळी नकोत, भोरडी, राघू आणि मोर एवढ्यांनी सुरुवात करा. तिन्ही ओळखायला सोपी आहेत, नुकसान कुणाचं हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही.

दुसरं विम्याचं. केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक आपत्ती म्हणून धरता येईल, आणि कोणते प्राणी, कोणते जिल्हे हे राज्यांनी अधिसूचित करायचं आहे. म्हणजे चेंडू मुंबईत आहे, दिल्लीला बोट दाखवायची सोय नाही. त्या अधिसूचनेत सोलापूरच्या रब्बी ज्वारीपुढे पाखरांची नावं लिहा. मात्र एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो. त्या नियमात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत मोबाइलवरून फोटोसकट कळवायचं आहे. डुकरासाठी ते ठीक. डुक्कर एका रात्रीत रान लोळवतं. सकाळी फोटो काढला की झालं. पाखरू तसं करत नाही. ते चाळीस दिवस रोज थोडं थोडं खातं. माझे ७२ तास कुठल्या कणसापासून मोजायचे? आणि फोटोत तर गोंडरसुद्धा भरल्या कणसासारखं दिसतं.

मोजायचं कसं, याचं उत्तर माझ्या आईजवळ होतं. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी ती दाणा चिकात असतानाच निवडक कणसांना जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळून सुतळीनं बांधायची. पाखरू त्यांना शिवत नसे. काढणीला ती कणसं सोडली, की उघड्या कणसांशेजारी ठेवून ती बघायची आणि म्हणायची, "यंदा पाखरानं चार आणे नेलं." मग कधी सहा आणे, कधी दोन. तिचा अंदाज मळणीला फारसा चुकत नसे. तेच सरकारी करा. हुरड्याच्या आधी तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक यांनी गावात पाच रानं निवडावीत, प्रत्येकात वीस कणसं पिशवी बांधून सील करावीत आणि काढणीला बांधलेल्या नि उघड्या कणसांचे दाणे तोलावेत. खर्च सुतळीचा आणि पिशव्यांचा. हैदराबादला शेतीतल्या पाखरांवर अभ्यास करणारा अखिल भारतीय प्रकल्प वर्षानुवर्षं चालत आला आहे. तिथल्या लोकांना विचारा, याहून बारीक पद्धत सांगतील. मला आईची पुरेशी वाटते.

राहता राहिली राखण. चमकी पट्टीला, नीट आसाच्या जाळीला अनुदान द्या आणि तंगूस बंद करा. राखणदाराच्या मजुरीतला काही वाटा शासनानं उचलावा. पाखरू जर सगळ्या देशाचं आहे, तर त्याला हाकलायला माळ्यावर बसणारा एकटा माझ्या पगारावर का? आणि गोफणीचं, पत्र्याच्या डब्याचं, पट्टीचं काय चालेल, काय चालणार नाही, ते मराठीत एका पानावर छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. कायद्याची भाषा नको. आमचे ग्रामसेवक वाचून दाखवतील एवढी सोपी हवी.

आपल्यापैकी कुणी येणार असाल तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात या. नेते मंडळी हुरड्याला येतात तशी दुपारी चटणी-दह्याला नको. पहाटे साडेसहाला माळ्यावर. थंडी असते, घोंगडी मी देतो.

आमची पेरणी सप्टेंबरअखेर सुरू होते. प्राण्यांची यादी त्याआधी निघाली तर या रब्बीच्या विम्यात बसेल, नाही तर वर्ष गेलं. या पत्राची एक प्रत तहसील कार्यालयात दिली आहे. आवक शिक्का मारून पोच घेतली आहे.

आपला,
मंगळवेढा तालुक्यातला एक ज्वारीवाला